तीन दारांचा गोठा

कलम १. सदर खोली लिहून देणार यांच्या मालकीची असून, लिहून घेणार यांस ती अकरा महिने केवळ वापरण्यासाठी दिली आहे.

हे धर्मराज वाचत होता. लिहून घेणार तोच. लिहून देणार गिरजाबाई, पण तिला वाचता येत नव्हतं. म्हणून कागद झाला की तो भाडेकरूनंच मालकिणीला वाचून दाखवायचा, ओटीच्या पायरीवर बसून. रंगाच्या कंपनीत त्याची बोटं निळी झाली होती. ओळीखाली बोट सरकवत तो वाचायचा आणि गिरजाबाईला वाटायचं, आता हा रंग कागदाला लागणार, आणि त्या डागाचाही काही कायदा निघणार.

कलम २. यामुळे लिहून घेणार यांस भाडेकरूचा कोणताही हक्क प्राप्त होणार नाही.

"ह्ये परत वाच रं," ओटीवरनं सिताराम म्हणाला. तो गिरजाबाईचा सासरा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, कान मात्र शाबूत.

धर्मराजनं परत वाचलं.

"अजून एकदा."

त्यानं तिसऱ्यांदा वाचलं. आवाज तोच ठेवून.

कलम ३. लिहून घेणार यांनी भिंतीस खिळा ठोकू नये.

कलम ४. मुदत संपताच लिहून घेणार यांनी खोली

हे मागच्या जूनमध्ये. आता एप्रिल लागला होता, आणि धर्मराजच्या बायकोचं, पुतळाचं, पोट खाली उतरलं होतं.

*

घणसोलीच्या पलीकडं, खाडीच्या अंगाला गाव. घराच्या मागं एका ओळीत तीन खोल्या, तीन दारं, वर सिमेंटचे पत्रे. खाजणातली, खाडीकाठची शेती सरकारनं नव्या शहरासाठी घेतली. गिरजाबाईचा नवरा शिवराम तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेला. मुलगी उलव्याला दिलेली. राहिला म्हातारा, राहिली ती, आणि राहिल्या ह्या खोल्या. त्यातली एक गेली तर एक गेली असं होत नाही, हे तिला ठाऊक होतं. एका भिंतीला दुसरी लागून आहे.

गावात सगळेच खोल्यावाले झाले होते आणि सगळेच भ्यालेले होते. त्र्याहत्तर साली कायदा आला, त्या दिवशी जो जिथं राहत होता तो तिथंच कायमचा चिकटला, असं ठाण्याहून कोणीतरी ऐकून आलं होतं. तेव्हापासून गावानं आपला एक रिवाज पाडला. अकरा महिने भरले की भाडेकरूनं सगळं सामान अंगणात काढायचं. रिकाम्या खोलीत मालकिणीनं स्वतः तीन दगडांची चूल मांडायची, भात शिजवायचा, शेजारच्या एका माणसाला साक्षीदार म्हणून तिथं जेवायला बसवायचं. मग कुलूप. दुसऱ्या दिवशी भाडेकरू शेजारच्या खोलीत, आणि तिथला ह्या खोलीत. कंपनीत न गेलं की खाडा पडतो, तसा हा राहण्याचा खाडा. खाड्याचा दिवस पाळला की हक्क तुटतो, अशी गावाची खात्री होती.

गिरजाबाईनं एकदा ठाण्याच्या वकिलाला विचारलं होतं. 

प्रश्न: खाडा पाळला की झालं ना?
उत्तर: कायद्यात खाडा असं काही नाही.
प्रश्न: मंग तो कायदा आमच्या गावाला लागतो की नाय लागत?
उत्तर: ते कोर्टात गेल्यावर कळेल.
प्रश्न: भाड्याची पावती द्यावी काय?
उत्तर: देऊ नका. पण भाडं पावतीशिवाय घेऊ नका.
प्रश्न: घरपट्टी?
उत्तर: भरा.
प्रश्न: खोल्यांची भरली तर खोल्या हायत असं दिसंल ना?
उत्तर: दिसेल.
प्रश्न: मंग?

वकील दुसऱ्या माणसाशी बोलायला लागला होता.

*

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पंचायतीचा कारकून वामन घरपट्टीची नवी आकारणी करत गल्लीत शिरला. सकाळी दहाला चांगुणाबाई शेजारीण धापा टाकत आली. "गिरजे, टेप घेऊन फिरतोय. किसनच्या घरी हाय आता."

आधीच्या वहीत ह्या तीन खोल्या गोठा म्हणून लागल्या होत्या. गोठ्याला पट्टी किरकोळ, आणि गोठ्यात माणूस राहत नाही. गिरजाबाई धावली. दुसऱ्या-तिसऱ्या खोलीतली माणसं कामावर गेलेली, दारांना कुलपं. तिनं चांगुणाबाईची म्हैस सोडवून आणली, पहिल्या दाराच्या कडीला बांधली, पेंढ्याचे चार भारे उंबऱ्यासमोर टाकले. मग तिला आठवलं, पुतळा आत आहे.

"गप बस गो," ती दाराच्या फटीतून म्हणाली. "खोकू नको."

"काकी, धूळ याय लागली."

"पदर धर तोंडावर."

वामननं लांबी-रुंदी घेतली. मग म्हशीला वळसा घालून दार ढकललं. पेंढ्याची धूळ उन्हात तरंगत होती. पुतळा पत्र्याच्या ट्रंकेवर दोन्ही हात पोटाखाली धरून बसली होती. तिच्यामागं कोनाड्यात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो भिंतीला टेकवून ठेवलेला, पुढं घासून लख्ख केलेला पितळी तांब्या.

"गोठ्यात ही कोण?" वामन म्हणाला.

"पावनी हाय."

"पाहुणीला गोठ्यात बसवलं?"

"म्हशीचं दूध काढाया आली."

वामननं म्हशीकडं पाहिलं. "ही तर भाकड आहे, गिरजाबाई."

चांगुणाबाई फिसकन हसली आणि पदर तोंडात कोंबून उभी राहिली. वामन भांडणारा माणूस नव्हता. घरमालक सांगेल ते तो लिहायचा. "तुम्ही म्हणाल ते लिहितो. तुमची सही, तुमची जबाबदारी." गिरजाबाईनं अंगठा उठवला. गोठा, एक. दारे, तीन.

तो गेल्यावर पुतळा बाहेर आली. म्हशीनं दारातच शेण टाकलं होतं. ते ओलांडायला तिनं पाय उचलला, पण पोटामुळं खालचं दिसेना. गिरजाबाईनं हात दिला. तिनं तो धरला, उतरली, आणि सोडून दिला.

संध्याकाळी धर्मराज पायरीवर आला. बसला नाही.

"काकी, आम्ही राहतो तो गोठा आहे असं लिहून गेले म्हणे."

"कागदावर रं. कागदावर काय, काय बी असतं."

"व्हय," तो म्हणाला. "दुसरं एक बोलायचं होतं. तीस तारखेला खाडा. तिचे दिवस नेमके तेव्हाच भरतायत. अंगणात सामान काढून तिला कुठं बसवू? ह्या वेळेला पंधरा दिवस पुढं ढकला. पाहिजे तर मी लिहून देतो, हक्क नाही म्हणून."

"तिला गावाला नेऊन सोड ना."

"औंढ्याकडं तिचं कोण आहे? आई नाही. एक दिवस एक रात्र एसटीत. आणि मी चार दिवस नाही गेलो तर ठेकेदार दुसरा माणूस लावतो."

"दवाखाना?"

"नाव घातलंय वाशीला. कळा आल्या की नेईन."

गिरजाबाई म्हणाली, "आबांना इचारते."

*

आबांना विचारलं. सितारामनं ओटीच्या खांबाला पाठ घासली.

"गिरजे, आपले नावावर खाजण कसा आला?"

"कूळ कायद्यानं."

"कायद्यानं नाय आला. कायदा तर खोताला बी म्हायती होता. खोत मामलेदारासमोर उभा राहून सांगे, ह्यो मानूस माज्या जमिनीवर कधी राहिला नाय, मजुरीला यायचा आनि जायचा. माज्याकडं ना पावती, ना करार. घाम फुटला मला. मंग मी काय काडला?"

ही गोष्ट तिनं लग्न होऊन आल्यापासून ऐकली होती. घरात कोणी नवीन आलं की म्हातारा पत्र्याची नळी उघडून तो जुना कागद दाखवायचा. आज तिनं ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली.

"शिवरामाचे जन्माचा उतारा. पोलीस पाटलाचे वहीतला. खाजणावर, खोताचे जागेत जन्मला म्हनून लिवलेला. झाला! जिथं पोर जन्मतं तिथं मानूस राहतो. मामलेदारानं सही केली. खोताची तीन पिढ्यांची जमीन एका बाळंतपनात गेली." त्यानं पांढरट डोळे तिच्याकडं वळवले. "आनि तू तिला खोलीत बाळंत होऊ देनार?"

त्या दिवसापासून गिरजाबाई पुतळाच्या पोटाकडं बघायला लागली. विहिरीवर बघायची. कपडे वाळत घालताना बघायची. चालताना ती कमरेवर हात ठेवते का, ओठ चावते का, बघायची. पुतळाला वाटलं, काकीला माया आली. ती एकदा म्हणाली सुद्धा, "तुमी असं बघता तर आईची याद येती." गिरजाबाईनं सुकत टाकलेली जवळ्याची सुकट हातानं उलथीपालथी केली, खाली बघून.

खोलीत नको. काही झालं तरी खोलीत नको.

*

कलम ४. मुदत संपताच लिहून घेणार यांनी खोली रिकामी करून, बिनतक्रार, शांततेने

तीस एप्रिल. खाडीवरून वारा नाही. कंपन्यांचा वास गावावर झाकणासारखा बसलेला. धर्मराजनं पहिल्या पाळीला जाण्याआधी सामान काढून दिलं. ट्रंक, स्टोव्ह, गोधड्या, घमेलं, तांब्या. फोटो शेवटी. तो त्यानं शेवग्याच्या बुंध्याशी ट्रंकेवर नीट टेकवला. "अडीचला सुटतो," पुतळाला म्हणाला. "तोवर दम धर." पुतळा शेवग्याच्या विरळ सावलीत गोधडीवर बसली. सावली सरकली की तीही सरकायची.

रिकाम्या खोलीत गिरजाबाईनं दगड मांडले. भात रटरटायला लागला. चांगुणाबाई साक्षीदार म्हणून भिंतीला टेकून बसली. ती गावातली सुईणही होती. जेवता जेवता ती दारातून अंगणात बघत होती.

"गिरजे, तिला कळा आल्यात."

"नाय गो. उनाचा बसवत नसंल."

"चाळीस वर्सं पोरं काडतेय मी."

गिरजाबाईनं चूल विझवली. पाणी ओतलं तसा राखेचा लोट उठला. दोघी बाहेर आल्या आणि तिनं आधी कुलूप लावलं. मग पुतळाकडं गेली. पुतळानं शेवग्याची साल नखांनी सोलली होती.

"कवापासून?"

"सकाळपासून," पुतळा म्हणाली. "म्हटलं, ते कामावरून येस्तोवर... खाडा मोडू नये..." आणि तिचं वाक्य तिथंच तुटलं.

चांगुणाबाईनं हात लावून बघितलं. "वाशी नाय आता. रिक्षा आनेस्तोवर पोर हातात येल. उगड खोली."

किल्ली गिरजाबाईच्या कनवटीला होती. तिनं त्यावर हात ठेवला.

ओटीवरनं सिताराम ओरडला, "कुलूप उगडू नको! गिरजे, ऐकलंस? उगडू नको!"

"मंग हितं उनात काडू काय पोर? म्हशीवानी?" चांगुणाबाई कडाडली.

पुतळाच्या पायांखालची गोधडी ओली झाली. ती ओरडत नव्हती. नाकातून एक बारीक आवाज येत होता, दूरच्या कंपनीच्या भोंग्यासारखा. गिरजाबाईला एकाच वेळी दोन गोष्टींची भीती वाटली, आणि खोलीची भीती मोठी होती. घराचं काय, घर पिढ्यांचं होतं. घराला कोणी काय करणार? तिनं पुतळाच्या काखेत हात घातले.

"घरात चल."

"घरात?" सिताराम उठून उभा राहिला. "आत? हिला?"

पुतळानंही मान हलवली. "नगं काकी. आबा..."

"चल म्हंते ना."

माजघरात, जिथं गिरजाबाईची मुलगी जन्मली होती त्याच कोपऱ्यात, दुपारी दीडच्या सुमाराला पुतळाला मुलगी झाली. गिरजाबाईनं तिला मागून मिठी मारून धरलं होतं. पुतळाचं डोकं तिच्या छातीवर आपटत होतं. तेवढा वेळ गिरजाबाई काही म्हणजे काही भ्याली नाही. पोर रडलं, तिच्याही डोळ्यांना धार लागली. चांगुणाबाई म्हणाली, "तुला कशाला गो रडू?"

धर्मराज आला तेव्हा तिनं त्याला दारातच गूळ दिला. तो आत आला, बायकोजवळ उकिडवा बसला. हात निळे होते म्हणून त्यानं पोरीला शिवलं नाही, नुसता वाकला.

दुसऱ्या दिवशी तिघं मधल्या खोलीत गेली. खाडा पाळला गेला होता. गिरजाबाईनं माजघर शेणानं सारवलं. बाळंतपणानंतर सारवतातच. मधल्या खोलीच्या दारातून पुतळाला ते दिसत होतं. ती बघत राहिली.

*

भीती दोन दिवसांनी परत आली.

सिताराम बोलत नव्हता. जेवण पुढं ठेवलं की म्हणायचा, "घर नंबर एकसष्ट." पंचायतीच्या वहीत त्याच्या नावानं लागलेला ह्या घराचा नंबर, बस, तेवढंच. पाणी दिलं की म्हणायचा, "एकसष्ट."

आठव्या दिवशी वामन जन्ममृत्यूची वही घेऊन आला. सिताराम दाढी करायला गेला होता. धर्मराज कामावर. मधल्या खोलीत पुतळा पोरीला अंगावर पाजत होती, दार उघडं होतं, आणि अंगणात बोललेलं सगळं तिथं ऐकू जायचं.

"मुलगी ना? तारीख तीस. आईचं नाव, बापाचं नाव..." वामन लिहीत होता. "जन्माचं ठिकाण?"

खोली म्हटलं तर खोली आहे हे कबूल. घर म्हटलं तर एकसष्ट. उद्या ही पोर मोठी होणार, कागद काढणार, म्हणणार, मी ह्या घरात जन्मले. जिथं पोर जन्मतं तिथं...

"गोठ्यात," ती म्हणाली.

वामननं मान वर केली. "चांगुणाबाई तर म्हणाली, तुमच्या माजघरात."

"ती म्हातारी काय बी बोलते."

"बघा हं. हे एकदा लिहिलं की खोडता येत नाही. माणसाचं जन्मभराचं असतं."

मधल्या खोलीत पोरगी रडायला लागली. पुतळा दिसत नव्हती, फक्त उंबऱ्यावर तिच्या पायाचा पंजा दिसत होता. तो आत ओढला गेला.

"लिवा," गिरजाबाई म्हणाली.

*

त्या रविवारी धर्मराज पायरीवर येऊन बसला. हातात घडी घातलेला कागद.

"रेशन कार्डासाठी उतारा काढला, काकी. वाचून दाखवू?"

ती भाकरीचं पीठ मळत होती. हो म्हणाली की नाही, तिलाच कळलं नाही.

त्यानं ओळीखाली बोट ठेवलं. "लिंग, स्त्री. जन्मतारीख, तीस एप्रिल एकोणीसशे पंचाऐंशी. आईचे नाव, पुतळा धर्मराज खिल्लारे. जन्माचे ठिकाण." बोट सरकलं. "सिताराम हिरू म्हात्रे यांचा गोठा."

करार वाचायचा त्याच आवाजात त्यानं हे वाचलं. चढा नाही, उतरता नाही. मग ओटीकडं मान वळवली.

"आबा, परत वाचू?"

सिताराम पहिल्यांदाच नको म्हणाला. तेही तोंडानं नाही. हातानं.

धर्मराज उठला. "तिनं तुमच्या छातीवर डोकं ठेवलं होतं म्हणे," तो गिरजाबाईला म्हणाला. मग कागदाची घडी केली, चार पदरी, शर्टाच्या आतल्या खिशात घातली, आणि मागं गेला.

गिरजाबाई हलकी झाल्यासारखी म्हणाली, "गेला ना आबा? नाय भांडला. गोठ्याला काय हक्क लागतो? गोठ्यात मानूस राहतच नाय."

सिताराम मागच्या पावलांचा कानोसा घेत होता.

"कागद कुठं ठेवला त्यानं?"

"खिशात."

"ठेवंल नीट. मी बी ठेवला होता." त्यानं खांब धरला. "तुला एक कधी सांगितला नाय. सांगावासा वाटला नाय. खोताचे कागदात आमची झोपडी काय म्हनून लागलेली, म्हायती हाय? म्हशींचा गोठा. कूळ लपवाया त्यानंच लिवून घेतला होता. आनि पाटलाचे वहीत शिवरामाचे नावापुढं तेच आला. जन्म, खोताचे गोठ्यात. तुमी सगल्यांनी उतारा बगितला, वाचता कुनाला येत होता?"

पीठ गिरजाबाईच्या बोटांना चिकटून वाळायला लागलं.

"मामलेदारानं तो वाचला. दोनदा वाचला. मंग खोताला इचारला, काय हो, तुमचे म्हशीला पोरगा झाला काय?" सिताराम हसल्यासारखा आवाज काढून थांबला. "सगली कचेरी हसली. खोत तेवडा नाय हसला."

मागून आवाज आला. ठक्. मधल्या खोलीच्या भिंतीत धर्मराज खिळा ठोकत होता. ठक्. कलम तीन. आतापर्यंत अकरा-अकरा महिन्यांनी तो फोटो कोनाड्यातून ट्रंकेवर आणि ट्रंकेवरून कोनाड्यात फिरत आला होता. आता तो भिंतीवर चढत होता, आणि त्याच्यामागं चार पदरी घडीएवढी जागा होती.

पोरगी दचकून रडली. पुतळानं तिला थोपटलं. ठोकणं थांबलं नाही.

"जा," सिताराम म्हणाला. "सांग त्याला. खिळा ठोकायचा नाय म्हनून लिवलंय."

गिरजाबाई उठली. पिठाचे हात घेऊन मागच्या दारापर्यंत गेली, आणि उंबऱ्याच्या आत उभी राहिली.